पाडव्याच्या वहाणा

पाडव्याच्या सकाळी ज्ञानदेव अनवाणीच घरातून निघाला. अनवाणीच जायचं असतं. जुन्या सालाच्या वहाणा आदल्या संध्याकाळी खुंटीला अडकवायच्या, सकाळी अंघोळ करून रिकाम्या पायांनी मालकाच्या दारात उभं राहायचं. मालकाने पानसुपारी आणि नव्या वहाणांचा जोड पुढे करायचा, गड्याने तो पायात घालायचा. झालं, साल धरलं. पुढच्या पाडव्यापर्यंत गडी मालकाचा आणि मालक गड्याचा. यात कागद नाही, सही नाही. ज्ञानदेवाच्या बापाने अशी तेहतीस सालं धरली, ज्ञानदेवाने एकेचाळीस. पुण्यात आज सालगडी उरलाय असं सांगितलं तर कुणी वेड्यात काढील, पण विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत, चौदा मजली इमारतींच्या मधोमध चार एकरांचा एक तुकडा अजून हिरवा होता, आणि तो ज्ञानदेवाच्या हातांमुळेच हिरवा होता.

तुकडा सर्जेरावांचा. सर्जेराव ज्ञानदेवापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांना पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं ते ज्ञानदेवाने. तरी ते त्याला अरे म्हणत आणि तो त्यांना मालक म्हणे. त्यात वावगं काही आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

बंगल्यावर गुढी उभी होती. फाटकाशी तीन मोटारी लागल्या होत्या आणि आत पाहुणे बसले होते. ज्ञानदेव सातला पायरीशी उभा राहिला तो दहापर्यंत उभाच. खाली सिमेंटचे ठोकळे बसवलेले, चैत्राचं ऊन, तळपाय भाजू लागले तसा तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत राहिला. बसायला कट्टा होता, पण साल धरायला आलेला माणूस बसत नाही. शेवटी पाहुण्यांना पोचवायला सर्जेराव बाहेर आले, त्यांना हा दिसला.

"अरे ज्ञानबा, आज फार गडबड आहे. परवा-तेरवा बघू. श्रीखंड घेऊन जा." एवढं बोलून ते आत गेले.

विमलाबाईने नवरा येताना पाहिला तो आधी त्याचे पाय पाहिले. त्याच्या हातातला श्रीखंडाचा डबा तिने घेतला, बाजूला ठेवला आणि खुंटीवरच्या जुन्या वहाणा काढून त्याच्यापुढे टाकल्या. उजवीचा अंगठा तुटलेला, तारेने आवळलेला होता.

"घाला. काटंकुटं हाईत."

एकदा अडकवलेल्या परत घालत नाहीत, असं ज्ञानदेव म्हणाला.

"मग हिंडा आनवानी वरीसभर," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. पोळ्या मात्र तिने केल्या. सण होता.

तिला भीती कसली वाटत होती हे ज्ञानदेवाला ठाऊक होतं. ते राहत होते ते घर शेताच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, दगडमातीच्या दोन खोल्या, वर पत्रा. थोरले मालक, म्हणजे सर्जेरावांचे वडील बापूसाहेब, यांनी ज्ञानदेवाच्या लग्नात काठीने जमिनीवर रेघ ओढून सांगितलं होतं, हे दोन गुंठे तुझे. रेघ पहिल्या पावसाळ्यात पुसली. बापूसाहेबांना जाऊनही आठ वर्षं झाली. विजेची तार मालकांच्या विहिरीवरच्या मोटारीवरून आलेली, रेशनकार्डावर पत्ता मालकांच्या बंगल्याचा. तिथे माणसं राहतात हे सांगणारं विमलाबाईने लावलेलं एक शेवग्याचं झाड तेवढं होतं. तो शेवगा आता छपरावर झुकला होता. जमीन विकायची बोलणी चालली आहेत हे भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ज्ञानदेवाला सांगून झालं होतं. मालक मात्र बोलले नव्हते, आणि मालक बोलत नाहीत तोवर बोलणं नाही असं तो धरून होता.

पुढचे आठ दिवस तो अनवाणीच राबला. मेथीला पाणी दिलं, घास कापला, गोठ्यातल्या दोन म्हशी धुतल्या. साल धरलेलं नसताना काम का करतो असं त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही स्वतःला विचारलं नाही. मेथी काही पाडवा बघून तहानत नाही. चौथ्या दिवशी टाचेत बाभळीचा काटा मोडला. विमलाबाईने सुईने तो कोरून काढला, बिब्बा तापवून वर चटका दिला. ज्ञानदेवाने दात दाबून धरले. तिने त्याची टाच आपल्या मांडीवर बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"अवो, इचारा तरी येकदा," ती म्हणाली. "तोंड हाय ना तुमाला."

"साल धरायच्या आधी इचारायचं नसतं," तो म्हणाला.

नवव्या दिवशी मोजणीवाले आले. तिकाटण्यावर यंत्र ठेवून एक जण डोळा लावून बसला, दुसरा चुना टाकत चालला. हद्दीचे दगड पुरायला माणूस हवा होता, तो अर्थातच ज्ञानदेव. त्याने पहार घेतली, खड्डे काढले, दगड उभे केले, घणाने ठोकले. उन्हाने जमीन अशी तापून घट्ट झाली होती की पहार ठणकन उडे आणि तो झटका खांद्यापर्यंत जाई. पूर्वेच्या बाजूला आल्यावर मोजणीदाराने हात वर केला. शेवग्याची फांदी आड येत होती.

सर्जेराव छत्री धरून उभे होते. त्यांनी ज्ञानदेवाकडे नुसतं पाहिलं. ज्ञानदेवाने कोयता आणला आणि शेंगांनी लगडलेली फांदी तोडली. दारात उभी असलेली विमलाबाई आत गेली. चुना टाकणाऱ्याने शेंगा मोडून पिशवीत भरल्या.

चुन्याची रेघ घराच्या मागून गेली. घर आत आलं, मालकांच्या बाजूला. ज्ञानदेव पहार टेकून उभा राहिला.

"मालक, ह्यो दगड घराच्या अलीकडं यायला पायजे."

"ती सरकारी मोजणी आहे ज्ञानबा," सर्जेराव मायेने म्हणाले. "नकाशात चार एकर म्हणजे चार एकर. घरं-बिरं त्यात दाखवत नसतात. घाल तू."

त्याने घातला. आपल्या घरामागे आपल्याच हाताने घणाचे अकरा घाव घालून दगड पक्का बसवला. काम वाईट करायची त्याला सवय नव्हती.

दुपारी आंब्याखाली जेवणं झाली. बिल्डरच्या कचेरीतला एक माणूस टाइप केलेले कागद घेऊन बसला होता. सर्जेराव मोटारीकडे गेले आणि खोकं घेऊन आले. खोक्यात वहाणा होत्या. जाड तळाच्या, टाके घातलेल्या, कोल्हापुरी घाटाच्या. गेल्या आठ वर्षांत त्यांनी ज्ञानदेवाला रबरी चपलाच दिल्या होत्या. असा जोड बापूसाहेबांनंतर पहिल्यांदाच येत होता.

"पाडव्याला राहून गेलं बघ," ते म्हणाले. "घाल पायात."

ज्ञानदेवाने पाय उपरण्याने पुसले. टाचेची जखम वादीला लागली तरी त्याला बरं वाटलं. नऊ दिवसांचा धोंडा छातीवरून उतरला. साल धरलं होतं. आता पुढच्या पाडव्यापर्यंत कोण काय करणार होतं?

मग सर्जेरावांनी त्याला बसायला सांगितलं. खुर्चीवर. कागदावर दोन पंच लागतात, म्हणाले, आणि या जमिनीची माहिती तुझ्याइतकी कुणाला आहे? एक पंच मोटारीचा ड्रायव्हर होता, दुसरा ज्ञानदेव. आयुष्यात त्याला कुणी पंच केलं नव्हतं. गावकीत त्याचा बाप चावडीच्या खाली बसायचा, वर कधी गेला नाही. ज्ञानदेवाने पेन घेतलं.

त्याला वाचता येत होतं. बापूसाहेबांनीच त्याला प्रौढांच्या रात्रशाळेत घातला होता. अक्षर अक्षर जोडून वर्तमानपत्राचा मथळा तो वाचत असे. पण पायात वहाणा घातल्या घातल्या मालकाचा कागद वाचायला घ्यायचा, म्हणजे दिलेलं पान उलगडून आत चुना किती ते बघितल्यासारखं. त्याने कागदाच्या तळाशी, कचेरीतल्या माणसाने बोट ठेवलं होतं तिथे, जीभ दातात धरून आपलं नाव लिहिलं. ज्ञानदेवमधला 'ज्ञा' त्याला नेहमी अवघड जाई. त्या दिवशी तो सुरेख आला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, पण अवलक्षण कळायला अजून दोन आठवडे होते.

ते दोन आठवडे ज्ञानदेव सुखात होता हे सांगितलं पाहिजे. त्याने कोथिंबिरीचे वाफे पेरले. विहिरीतला गाळ काढायचं पावसाळ्याआधीचं काम मनात धरलं. विमलाबाईला वहाणा दाखवून झाल्या होत्या. तिने त्या हातात घेऊन तळ पाहिला, टाके पाहिले आणि एवढंच म्हणाली, की इतक्या चांगल्या का दिल्या असतील.

एका दुपारी सर्जेरावांची मुलगी राजनंदिनी मोबाइल आणि वही घेऊन शेतावर आली. ती कॉलेजात इतिहास शिकत होती. पोरगी गोड, दारातल्या बाजेवर मांडी घालून बसली, विमलाबाईने दिलेलं ताक प्यायली.

"काका, माझं प्रेझेंटेशन आहे. मिडिव्हल युरोपमधले लॉर्ड्स आणि त्यांचे भूदास. तुमच्यासारखंच होतं थोडं, म्हणून तुमचा फोटो टाकणारे. चालेल ना?"

ज्ञानदेवाला त्यात मानच वाटला. ती सांगत गेली आणि दोघं ऐकत राहिले. आठशे-हजार वर्षांपूर्वी, तिकडे गोऱ्यांच्या मुलखात, सगळी जमीन सरदारांची. भूदासाने आठवड्यातले तीन दिवस सरदाराच्या शेतात फुकट राबायचं. दळण त्याच्याच गिरणीत. मुलीचं लग्न करायचं तर त्याची परवानगी. विमलाबाई यावर हसली. शकूच्या लग्नाची तारीख बापूसाहेबांनी कांदाकाढणी संपेपर्यंत दोनदा पुढे ढकलली होती, ते तिला आठवलं. शकू त्यांची एकुलती मुलगी, आता खडकीला एका खोलीत नवरा आणि दोन लेकरांसह राहत होती.

"आणि सगळ्यात वाईट म्हणजे," राजनंदिनी म्हणाली, "जमीन विकली की भूदास जमिनीबरोबर जायचा. झाडासारखा. त्याला सोडून जाता यायचंच नाही."

"आन् मालकाला?" विमलाबाईने विचारलं. "मालकाला काढता यायचं का त्याला? घरातनं?"

राजनंदिनीने वहीत पाहिलं. "नाही. सहसा नाही. जमिनीवर राहायचा त्याचा हक्क असायचा."

"मंग बरं हुतं की त्यांचं," विमलाबाई म्हणाली.

ज्ञानदेव हसला. आमचं बी तसंच हाय, म्हणाला, आणि नव्या वहाणा घातलेला पाय त्याने जरा पुढे केला. राजनंदिनीने दोघांना घरापुढे उभं करून फोटो काढला. तोडलेल्या फांदीचा पांढरा खुंट फोटोत नीट आला.

नोटीस आली ती घराच्या दारावरच चिकटवली गेली. आठ दिवसांत जागा मोकळी करावी. ज्ञानदेवाने ती ओली असतानाच अलगद सोलून काढली, घडी केली आणि चूक झाली असणार असं म्हणत बंगल्यावर गेला. या वेळी विमलाबाई मागोमाग गेली.

सर्जेरावांनी दोघांना व्हरांड्यात बसवलं, चहा सांगितला. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं की तिघा भावांच्या वाटण्या आहेत, जमीन ठेवणं आता कुणालाच परवडत नाही, बिल्डरला मोकळी जागा हवी. ज्ञानदेवाने बापूसाहेबांच्या रेघेची आठवण दिली. ती रेघ ओढताना सर्जेराव तिथे होते. चौदा-पंधरा वर्षांचे असतील. त्यांनी मान खाली घातली.

"मला आठवतंय रे," ते म्हणाले. "पण आता कागद झालाय."

त्यांनी आतून झेरॉक्स आणवली आणि ज्ञानदेवाच्या हातात दिली. तळाशी त्याची सही होती. 'ज्ञा' सुरेख आला होता.

"मालक, साल धरलंय," ज्ञानदेव म्हणाला. "वहाणा दिल्या तुमी."

"म्हणून तर दिल्या. मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही. साइटवर वॉचमन म्हणून तुला घ्यायचं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. राहायला केबिन देतील. फक्त एकट्याला. बायामाणसं तिथे चालत नाहीत, त्यांचा नियम आहे." मग ते म्हणाले, "आणि मी फसवलं असं मनात आणू नकोस. तुला वाचता येतं ज्ञानबा. माझ्या वडिलांनीच शिकवलंय तुला."

चहा आला तो दोघांनी प्यायला. नाही कसं म्हणणार?

घरी आल्यावर विमलाबाईने उंबऱ्यावर बसकण मारली आणि कागद वाचून दाखवा म्हणाली. त्याने टाळलं. ती तशीच बसून राहिली. मग त्याने उजेडाकडे तोंड करून, बोटाने ओळ धरून, एकेक शब्द जोडत वाचलं. "सदर... जागेवर... मालकाखेरीज... इतर... कोणाचाही... ताबा, वहिवाट... अथवा... रहिवास... नाही."

"पुन्यांदा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं.

"मंग चाळीस वरसं हितं कोन ऱ्हात हुतं?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. "मी कोन हुते?"

ज्ञानदेव रडला. पासष्ट वर्षांचा माणूस, खांद्याने पहार पेलणारा, कागद हातात धरून पोरासारखा रडला. तिने त्याला रडू दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पण त्या दिवशी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि हात ठेवला नाही हे पुढे कितीतरी दिवस त्याला टाचेतल्या काट्यासारखं सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच राजनंदिनीकडे गेली. तुझ्या मोबाइलात आमच्या घराचा फोटो आहे, तो दाखवून तू चार माणसांत बोलशील का, असं तिने विचारलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पप्पांशी बोलते म्हणाली, आणि बोललीही असावी, कारण दोन दिवस बंगल्यातून मोठ्याने बोलण्याचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी तिने फोटो मोठा करून, चांगल्या कागदावर छापून आणून दिला. प्रेझेंटेशन सगळ्यांना आवडलं, म्हणाली, आणि दारातूनच परत गेली. विमलाबाईने फोटो लुगड्याच्या घडीत ठेवला.

आठव्या दिवशी घर पाडायचं यंत्र येणार होतं. त्या सकाळी विमलाबाईने उठून जमीन सारवली. ज्ञानदेव म्हणाला, कशाला. शुक्रवार हाय, ती म्हणाली. सारवण ओलं होतं तोवर दोघं बाहेर बसून राहिले. मग त्याने छपरावर चढून पत्रे सोडवले, कारण पत्रे कामाला येतात. तिने पाटा-वरवंटा, दोन पातेली, गोधड्या गोणीत बांधल्या. म्हशी आदल्या दिवशीच टेम्पोत चढवून नेल्या होत्या. चढताना मोठी म्हैस अडून बसली होती, तिला ज्ञानदेवानेच पाठीवर थाप मारून चढवलं.

भिंती पडायला पाव तास लागला. शेवग्याला त्याहून कमी.

शकूचा नवरा रिक्षा घेऊन आला. "तुमीबी चला," विमलाबाई रिक्षात बसल्यावर म्हणाली. "आडचनीत राहू. पन चला."

ज्ञानदेवाने पायांकडे पाहिलं. "साल धरलंय," तो म्हणाला. "पाडव्यापातूर सोडता येत न्हाई."

तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की रिक्षावाल्या जावयाने मान फिरवली. "ती पोरगी सांगत हुती ना," ती म्हणाली. "जमिनीबरुबर जायचा म्हनून. तुमी तसं गेलासा." रिक्षा धूळ उडवत आळंदी रस्त्याला लागली.

कंपनीने ज्ञानदेवाला निळा शर्ट, शिट्टी आणि काळे बूट दिले. बूट एक नंबर लहान होते. वहाणा चालत नाहीत म्हणाले, म्हणून त्याने त्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवल्या. फाटकाच्या आत रोज खड्डा खोल होत होता. मेथीचे वाफे कुठे होते हे पहिल्या आठवड्यात सांगता यायचं, नंतर येईना. त्याने घणाने ठोकलेला दगड मात्र जागेवर होता. खोदणारे त्याच्या अलीकडे थांबत.

वैशाखाच्या अखेरीस, दुपारी बाराच्या सुमाराला, फाटकाशी विमलाबाई येऊन उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. ती वाळली होती. तोही वाळला होता. ज्ञानदेव लगबगीने फाटक उघडायला गेला तेवढ्यात मागून सुपरवायझर ओरडला, की आधी वहीत नोंद, मग माणूस आत. माझी बायको हाय, ज्ञानदेव म्हणाला. कुणीही असो, सुपरवायझर म्हणाला.

ज्ञानदेव स्टुलावर बसला आणि वही उघडली. नाव. विमलाबाई, त्याने लिहिलं. कोठून आले. खडकी. पुढचा रकाना होता, कोणाकडे. तिथे पेन थांबलं. उन्हात उभ्या असलेल्या बायकोकडे त्याने मान वर करून पाहिलं.

"लिवा की," ती म्हणाली. "तुमाला येतंय लिवाया. जागंवर कुनाचाबी रहिवास न्हाई."

त्याने पेन वहीवर ठेवलं. मग तिने फडकं वहीच्या शेजारी ठेवलं, वहीजवळची अंगठ्याच्या शाईची डबी आपणच उघडली, त्याने अर्धवट सोडलेल्या ओळीत सहीच्या रकान्यात अंगठा उठवला आणि आत न येता मागे वळली. रस्त्याच्या कडेकडेने, इमारतींच्या सावलीचा तुकडा मिळेल तिथे सावलीतून चालत ती थांब्याकडे गेली. ज्ञानदेव ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.

भाकऱ्या अजून ऊन होत्या. खडकीहून दोन बस बदलून आणलेल्या.

सुपरवायझरने लांबूनच विचारलं, बाई गेली का, मग वेळ टाका. शेवटचा रकाना बाहेर पडल्याच्या वेळेचा होता. ज्ञानदेवाने केबिनमधल्या घड्याळात पाहिलं आणि नीट अक्षरात वेळ लिहिली.